ओपन सोर्सच्या देखभालीचे पैसे: सारखे सारखे येणारे प्रश्न

सांगलीत आम्ही पाच-सहा जण रविवारी विश्रामबागला चहाला बसतो, प्रत्येकाच्या गळ्यात एखादा छोटा ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेला) प्रोजेक्ट आहे. माझ्याकडची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, आकड्यातली रक्कम मराठी अक्षरात करून देते, म्हणजे अडत्याच्या पट्टीवर (शेतमालाच्या बिलावर) ४९,००० आलं की खाली "एकोणपन्नास हजार फक्त". मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहिलीयत. कुठलं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथं नंबर दिलाय.

१. ओपन सोर्स म्हणजे फुकटच ना? मग पैसे कसले मागताय?

कोड फुकट आहे, घ्या, बदला, विका सुद्धा, लायसन तेवढं वाचा. पैसे मागतोय ते पुढच्या देखभालीचे. आपल्याकडं हे समजायला अवघड नाही. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजना सरकारनं बांधल्या, पंप बसवले, कालवे काढले, उद्घाटनं झाली, पण पाणी वर चढवायला दर आवर्तनाला वीज लागते आणि ते बिल थकलं की पंप बंद, मग जतकडचा माणूस कोरड्या कालव्याकडं बघत बसणार. शेवटी ८१-१९ चं सूत्र आलं, ८१ टक्के वीजबिल सरकारचं, १९ टक्के शेतकऱ्याचं, आणि ती पाणीपट्टी बऱ्याच ठिकाणी कारखान्याकडनं ऊसबिलातून कापली जाते. ओपन सोर्सची अडचण तीच आहे, फक्त इथं कापून घ्यायला ऊसबिल नाही.

२. कोड तर लिहून झालाय की, मग रोज करता काय?

हा प्रश्न माझ्या घरचे पण विचारतात. मागच्या एका हळदीच्या हंगामातलं सांगतो. सकाळी साडेनऊला मार्केट यार्डातनं एका अडत्याचा फोन, "ओ, शेतकरी भांडायला लागलाय, पट्टीवर आकडा ४९ हजार आणि अक्षरात एकोणचाळीस हजार." मी गार. बघितलं तर कुणीतरी पाठवलेल्या दुरुस्तीत शंभर शब्दांच्या यादीत एक ओळ सरकली होती आणि मी ती रात्री अकराला अर्धवट झोपेत मंजूर केलेली. इंग्रजीत वीसच्या पुढं शब्द जोडत गेलं की काम भागतं, मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक शब्द वेगळा, सूत्र चालत नाही, त्यामुळं यादी हातानं तपासायची. दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. नवीन व्हर्जन काढणं, जुनं मागं घेणं, वापरणाऱ्यांना कळवणं आणि परत असं होऊ नये म्हणून ० ते ९९ ची टेस्ट लिहिणं यात दोन संध्याकाळी गेल्या.

हे झालं अचानक आलेलं काम. नेमानं येणारं वेगळंच. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नवीन व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरात येतं, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि प्रत्येक वेळी काहीतरी मोडतं. आपण ज्यांच्यावर अवलंबून आहोत त्या लायब्रऱ्या बदलतात, सुरक्षेचे इशारे येतात, लोक शंका विचारतात. ह्यात नवीन फीचर एकही नाही, त्यामुळं बाहेरच्याला वाटतं की प्रोजेक्ट नुसता पडून आहे.

३. एवढं महत्त्वाचं असेल तर मोठ्या कंपन्या देतच असतील ना?

काही देतात, बऱ्याच वेळा मोडल्यावर देतात. ओपनएसएसएल बघा, वेबसाइटच्या कुलपामागं बहुतेक ठिकाणी हेच. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भोक सापडलं, दोन वर्षं तसंच होतं. मग जगाला कळलं की या प्रोजेक्टला वर्षाला देणगी यायची साधारण २,००० डॉलर आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. त्यानंतर लिनक्स फाउंडेशननं मोठ्या कंपन्यांना बरोबर घेऊन निधी उभा केला. मेल-फाइल कुलूपबंद करणाऱ्या जीएनयूपीजीचं पण तसंच, एकटा माणूस वर्षानुवर्षं सांभाळत होता, २०१५ मध्ये बातमी छापून आली आणि पैसे आले. डिसेंबर २०२१ ला लॉग४जे ही प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी फुटली तेव्हा जगभरच्या आयटीवाल्यांची झोप उडाली, दुरुस्ती करणारे मात्र बहुतेक आपली नोकरी सांभाळून करणारे स्वयंसेवक.

दुसरी बाजू पण आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, काम करणारे बरेच लोक कंपन्यांच्या पगारावर आहेत. पैसा नाहीये असं नाही, तो जिथं कंपनीचा माल थेट अडतो तिथं जातो. मधल्या थरातल्या छोट्या लायब्ररीपर्यंत कुणी पोचत नाही.

४. नाही दिले पैसे तर काय आभाळ कोसळणार आहे?

बहुतेक वेळा काहीच होत नाही, प्रोजेक्ट हळूहळू शिळा होतो आणि लोक दुसरीकडं जातात. पण एक्सझेडची गोष्ट एकदा वाचाच. फाइल दाबून छोटी करायची लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते, सांभाळणारा एक माणूस, थकलेला, तब्येतीच्या कुरबुरी त्यानं उघड सांगितलेल्या. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी मेल यायला लागले, काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या की. त्याच काळात एक "मदतनीस" चांगले पॅचेस (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवत होता, दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला, अधिकार मिळवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवला. सापडला कसा, तर मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खोदत बसला. २९ मार्च २०२४ ला त्यानं जाहीर केलं. तो अर्धा सेकंद त्याच्या नजरेतनं सुटला असता तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

नुसते पैसे दिले असते तर हे टळलं असतं का? खात्रीनं नाही सांगता येणार. पण दुसरा एक पगारी माणूस शेजारी असता तर त्या एकट्याला गाठणं इतकं सोपं गेलं नसतं, असं माझं मत.

५. आमचा काय संबंध? आम्ही मोबाइल वापरणारी साधी माणसं.

तुम्ही हे मराठीत वाचताय, जोडाक्षरं जागेवर, वेलांटी बरोबर. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांच्यात हे काम हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. मुक्त, बलू हे फॉन्ट मुंबईच्या एक टाइपनं केलेत, ओपन लायसनवर, लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत कुठंही वापरा. एवढाच संबंध.

६. मी मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) आहे, पैसे मागायला लाज वाटते. कसे मागू?

देणगी मागू नका. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, कोटेशन पाठवा. हे मी लई उशिरा शिकलो.

झालं असं, एका कंपनीचा (नाव नको, पुण्याची आहे) मेल आला, सब्जेक्टमध्ये "अर्जंट", तुमच्या लायब्ररीमुळं आमचं बिलिंग थांबलंय, आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. मी केलं. मग धीर करून लिहिलं की जमलं तर प्रोजेक्टला थोडी मदत करा. उत्तर आलं, आमच्याकडं डोनेशनचं हेड नाही. त्यांचं खोटं नव्हतं ओ, अकाउंट्सवाल्याला खरंच बिल, जीएसटी आहे की नाही, पॅन, आणि खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा हे लागतं. देणगीला खातं नसतं, एएमसीला असतं. वजनकाट्याला एएमसी आहे, यूपीएसला आहे, एसीला आहे. मग दुसऱ्या एकाला मी लेटरहेडवर साधं कोटेशन दिलं: वर्षभर देखभाल, बग कळवल्यापासून दोन कामाच्या दिवसांत उत्तर, नवीन पायथनवर चालेल याची हमी, रक्कम अठरा हजार. चौथ्या दिवशी पीओ (खरेदीची ऑर्डर) आली. देणगीसाठी वर्षभर झुरत होतो.

कोटेशनात "उत्तर" लिहा, "दुरुस्ती" लिहू नका, दोन दिवसांत काय दुरुस्त होईल ते तुमच्या हातात नसतं.

७. स्पॉन्सर बटण, यूपीआय क्यूआर, ओपन कलेक्टिव्ह, यातलं काय लावू?

लावा सगळं, तोटा नाही, अपेक्षा कमी ठेवा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं स्पॉन्सर्स २०१९ मध्ये सुरू झालं, वैयक्तिक अकाउंटवरनं आलेल्या रकमेवर ते कमिशन कापत नाहीत. ओपन कलेक्टिव्हवर जमा-खर्च सगळ्यांना दिसतो, टीम असेल तर ते बरं (वाटणीचं प्र. १६ मध्ये). मी रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीपानावर) क्यूआर टाकला होता, त्यावर पैसे आले ते ५१, १०१ असे, सत्यनारायणाच्या ताटात ठेवल्यासारखे. मन भरून येतं पण घर चालत नाही. ज्यांना मोठी माणसं ओळखतात अशा थोड्या मेंटेनर्सचं यावर नीट भागतं, बाकीच्यांना चहापाणी.

८. भारतात कोणी ग्रँट देतं का?

देतात. झेरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रोजेक्टला १० हजार ते १ लाख डॉलरपर्यंत. त्यासाठी आपल्या रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागी) किंवा वेबसाइटवर फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल ठेवायची, तिच्यात प्रोजेक्ट काय, किती पाहिजेत, कशासाठी, ते लिहायचं. पण तो आधीच भरपूर वापरात असलेल्या प्रोजेक्टसाठी आहे, कालच सुरू केलेल्या कल्पनेसाठी नाही. फॉस युनायटेड ही आपल्याकडची ओपन सोर्सवाल्यांची संस्था छोट्या प्रोजेक्टना मदत करते आणि त्यांच्या मीटअपला गेलात तर ओळखी होतात, ते पण पैशाइतकंच.

बाहेर नेदरलँडचं एनएलनेट आहे, ५ हजार ते ५० हजार युरोच्या ग्रँट देतं. जर्मनीचा सॉव्हरिन टेक फंड २०२२ पासून सरकारी पैशातनं थेट देखभालीला देतो, कर्ल (नेटवरनं माहिती आणणारं टूल) आणि लॉग४जे दोघांना त्यातनं मिळालेत. सरकारनं रस्ते-पुलांसारखं कोडच्या डागडुजीला बजेट ठेवलं, मला वाटतं हेच सगळ्यात शहाणपणाचं मॉडेल आहे आणि आपल्याकडं यावं.

ग्रँटची एक गोम म्हणजे ती एकदाच येते. बहुतेक फॉर्म विचारतात "नवीन काय करणार", तिथं "जे आहे ते मोडू देणार नाही" असं लिहिलं की समोरच्याला पटत नाही.

९. गुगल समर ऑफ कोडमधनं देखभाल करून घेता येईल का?

नाही, उलट तुमचं काम वाढतं. गुगलच्या पैशानं नवशिक्यांना ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम द्यायचा हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, चांगलं आहे, २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्यांना पण भाग घेता येतो. पण मुलं येतात, फीचर लिहितात, स्टायपेंड घेतात, जातात, ते फीचर पुढं दहा वर्षं तुम्ही सांभाळा. शिकवायची हौस असेल तर घ्या.

१०. बाहेरनं डॉलर आले तर टॅक्स, जीएसटीचं काय?

आपल्या सीएला विचारा, हे फक्त ढोबळ. काम करताय आणि त्यापोटी पैसे येतायत तर ते उत्पन्न आहे, "गिफ्ट आहे ओ" म्हणून सुटका नाही. खरोखरची भेट असली तरी नातेवाईक सोडून इतरांकडनं वर्षात ५०,००० च्या वर गेली की सगळी रक्कम करपात्र. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्या राज्यात २० लाख उलाढाल, आणि परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा अटी पूर्ण केल्या तर शून्य दरात बसते. इथली कंपनी टीडीएस कापून देईल, तर रिटर्न भरून तो आपल्या करात वळता करा, जास्तीचा कापला असेल तर परत मिळवा. बँकेकडनं परदेशी रक्कम आल्याचा दाखला घेऊन ठेवा, वर्षानं मागायला गेलात की कुणाला सापडत नाही.

११. ट्रस्ट काढला तर देणग्या, सीएसआर मिळेल का?

इथं लोक अडकतात. संस्था काढली की परदेशातली देणगी एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही, आणि ती नोंदणी नव्या संस्थेला सहज मिळत नाही. कामाच्या बदल्यात घेतलेली फी वेगळी, ती देणगीत धरत नाहीत, म्हणूनच प्र. ६ परत वाचा. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला घालायचा, कंपनी कायदा २०१३ खालचा सरासरी नफ्याचा २ टक्के, तो कायद्यातल्या यादीतल्या विषयांवर, आणि कंपनीनं स्वतः किंवा नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत खर्च व्हावा लागतो. "लायब्ररीची देखभाल" त्या यादीत सरळ कुठं बसत नाही, शिक्षणाच्या नावाखाली बसवायला गेलात तर वर्षभर वर्कशॉपचे फोटोच काढत बसाल. एकट्यासाठी प्रोप्रायटरशिप पुरते. लोक जास्त असतील तर आधीच चालू असलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्रीखाली जा.

१२. माझी कुपवाड एमआयडीसीत छोटी कंपनी आहे, सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. किती द्यायचे आणि कुणाला?

"ओपन सोर्स प्लेज" म्हणून एक मोहीम आहे, २०२४ मध्ये सुरू झाली, ती म्हणते कंपनीनं आपल्या प्रत्येक डेव्हलपरमागं वर्षाला २,००० डॉलर द्यावेत. कुपवाडला हा आकडा सांगितला तर चहा पण मिळायचा नाही. माझा हिशोब साधा, एसी-यूपीएसच्या एएमसीवर जेवढं घालवता तेवढं यावर घाला. प्रोग्रॅमरला सांगा, आपण काय काय वापरतो त्याची यादी काढ, एका कमांडचं काम आहे. मोठ्या नावांना सोडा, यादीत एक-दोन जणांवर चाललेलं आणि मोडलं तर आपलं डिस्पॅच थांबेल असं काय आहे ते शोधा, आणि दरवर्षी द्या. एकदा पन्नास हजार देऊन विसरण्यापेक्षा दर एप्रिलला दहा हजार आलेले आम्हाला जास्त उपयोगी, त्यावर काहीतरी ठरवता येतं.

१३. पैसे नाहीत, पण मदत करायचीय.

बग कळवताना व्हर्जन, काय टाकलं, काय आलं, एवढं लिहा. "चालत नाही" असा मेसेज नको. दुसऱ्यांच्या शंकांना उत्तरं द्या, मराठीत कागदपत्रं लिहा. आमच्या यादीत "त्रेसष्ट" का "त्रेसष्ठ" यावर एका निवृत्त गुरुजींनी तीन पानी पत्र पाठवलं होतं, माझ्या बऱ्याच पॅचेसपेक्षा ते मोलाचं.

१४. पैसे दिले तर माझं फीचर आधी कराल का?

तुमच्या प्रश्नाला उत्तर आधी मिळेल, हो. फीचर घ्यायचं की नाही ते मात्र प्रोजेक्टला शोभतं का यावर. एकानं इंग्रजी-मराठी मिसळून "फॉर्टी नाइन हजार" पाहिजे म्हणून चांगले पैसे देऊ केले होते. नाही म्हटलं, वेगळा फोर्क (कोडची स्वतंत्र प्रत) करून दिला, सांभाळा तुम्ही.

१५. लायसन बदलून कंपन्यांना पैसे द्यायला लावू का?

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी करून बघितलंय. मोंगोडीबीनं २०१८ ला, इलॅस्टिकनं २०२१ ला, हाशिकॉर्पनं २०२३ ला, रेडिसनं मार्च २०२४ ला. हाशिकॉर्पच्या टेराफॉर्मचा ओपनटोफू झाला, रेडिसचा वॉल्की, म्हणजे गिऱ्हाइकं फोर्क घेऊन चालती झाली. इलॅस्टिक २०२४ ला आणि रेडिस २०२५ ला परत ओपन सोर्स लायसनकडं आले, एजीपीएल घेऊन (कोड बदलून नेटवर सेवा चालवली तर बदल पण उघडे करायला लावणारं लायसन). आणि ह्या सगळ्या वकील ठेवणाऱ्या कंपन्या. शिवाय तुमच्या कोडमध्ये इतरांचे पॅचेस असतील तर लायसन एकट्याला बदलता येईलच असं नाही, सगळ्यांची परवानगी लागू शकते. नवीन प्रोजेक्ट असेल तर सुरुवातीलाच विचार करा: एजीपीएल ठेवून ज्यांना ते नको त्यांना पैसे घेऊन वेगळं लायसन, हा रस्ता चालतो.

१६. पैसे आले तर वाटायचे कसे?

यायच्या आधी ठरवा. आल्यावर ठरवायला बसलात की भाऊबंदकी. आम्ही ओळी किंवा कमिट मोजत नाही, त्या महिन्यात शंका-बगची पाळी कुणाची होती ते बघतो, पाळीवाल्याला ठरलेली रक्कम. पॅच पाठवणाऱ्या प्रत्येकाला द्यायला गेलो नाही, बाहेर ज्यांनी तसं केलं त्यांच्याकडं कॉमा बदलणाऱ्या पॅचेसचा पूर आला.

१७. एआयनं काम सोपं झालं असेल ना आता? मग पैसे कमी लागतील.

टेस्ट लिहायला मदत होते, खरंय. पण एआयनं लिहिलेले खोटे सुरक्षा-रिपोर्ट पण यायला लागलेत, भाषा झकास, आत काही नाही, आणि खोटं आहे हे ठरवायला तास जातो. कर्लच्या डॅनियल स्टेनबर्गनी २०२५ मध्ये यावर जाहीरपणे तक्रार केली, त्यांच्याकडं बग शोधणाऱ्याला बक्षीस होतं म्हणून असले रिपोर्ट जास्त. मला आलेल्या एकात माझ्या कोडमध्ये नसलेलंच फंक्शन असुरक्षित होतं.

१८. युरोपातल्या कोणी माझा कोड वापरला तर त्यांच्या नवीन कायद्यानं मी अडकेन का?

तो कायदा म्हणजे डिजिटल वस्तूंच्या सुरक्षेचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट, १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला, सुरक्षेतली भोकं कळवायची सक्ती ११ सप्टेंबर २०२६ पासून, मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून. भार वस्तू विकणाऱ्यावर आहे. धंदा म्हणून न करता कोड उघडा ठेवणारा त्यात येत नाही, प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या फाउंडेशनना हलके नियम आहेत. तुम्ही नफ्यासाठी सपोर्ट विकत असाल आणि गिऱ्हाईक युरोपात असेल तर मात्र वकिलाला एकदा दाखवा. आणि तिथली कंपनी लांबलचक फॉर्म पाठवून "भरून द्या" म्हणाली तर फुकट भरू नका, प्र. ६ मधलं कोटेशन पाठवा.

१९. मला आता थांबायचंय. कसं थांबू?

थांबा, कुणाला जाब द्यायचा नाही. रीडमीच्या पहिल्या ओळीत तारखेसह लिहा की आता देखभाल होत नाही, रिपॉझिटरी आर्काइव्ह करा. घाईत कुणा अनोळखी उत्साही माणसाला चाव्या देऊ नका, का ते प्र. ४ मध्ये आहे. एएमसी घेतली असेल तर वर्ष पूर्ण करा किंवा उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. आणि आत्ता थांबायचं नसलं तरी नवीन व्हर्जन सोडायचा अधिकार दुसऱ्या एकाकडं ठेवाच. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं, दहा-बारा दिवस लॅपटॉप माळ्यावर आणि मी नातेवाइकांकडं मिरजेत, त्या वेळी सगळ्या चाव्या माझ्या एकट्याकडं होत्या.

२०. तुमच्या लायब्ररीला खरं किती मिळतं?

तीन एएमसी, वर्षाचे चौपन्न हजार. क्यूआरवर मागच्या वर्षी बाराशे साठ. पुण्याची ती कंपनी अजून फुकट वापरते, गेल्या महिन्यात परत "अर्जंट" आला होता, या वेळी कोटेशन पाठवलंय.